एका डोळ्याची खोली

चहा कपात पडलाच नाही. डाव्या हातात गाळणी होती, उजव्या हाताने पातेलं सांडशीत धरून रोजच्यासारखंच कलतं केलं होतं, आणि धार कपाच्या अलीकडे बशीवर, बशीवरून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पायावर आली. चाळीस वर्षं याच हातांनी चहा गाळतेय. उजव्या डोळ्यावर पट्टी होती, एवढाच काय तो फरक. आदल्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन तिच्या जावळाचा वास घेत होते आणि तिने लाडात येऊन हात फिरवला. सहा महिन्यांच्या बाळाचं नख, कागदाच्या कडेसारखं पातळ. बुबुळावर ओरखडा उठला. "दोन दिवस पट्टी राहू दे काकू, भरून येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जिना उतरताना कठडा सोडू नका, असंही म्हणाल्या. मी ते जिन्यापुरतंच मनावर घेतलं.

पोळलेल्या पायाचं काही विशेष नाही. मला छळत राहिलं ते त्या संध्याकाळचं. लेकीने लॅपटॉप उशाशी आणून ठेवला. गेली दोन वर्षं हॉलिवूडचा जुना दिग्दर्शक राऊल वॉल्श याचे सिनेमे मिळतील तसे बघत आलेय, त्यातला 'द बिग ट्रेल' राहिला होता. १९३० सालचा. एका डोळ्याने अर्धंमुर्धंच दिसेल असं धरून बसले, आणि दिसलं सगळं. पुढे चुलीपाशी वाकलेल्या बाया, त्यांच्यामागे बैल, बैलांमागे छप्पर घातलेल्या गाड्यांची रांग, रांगेमागे धूळ, धुळीच्या पल्याड डोंगर. एकेक थर सुटा, दोन थरांमध्ये हवा. दुपारी हाताच्या अंतरावरचा कप मला सापडला नव्हता आणि आता कोसभर लांबचा डोंगर नेमका किती लांब आहे ते पडल्यापडल्या कळत होतं.

ज्याने हा सिनेमा काढला त्यालाही तेव्हा एकच डोळा होता.

वॉल्श मुळात नट. न्यूयॉर्कचा, १८८७चा जन्म. जुन्या फोटोंत बघितलं की पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा रुबाब: उंच, रुंद कपाळ, काळेभोर केस आणि दोन्ही डोळ्यांत जरा खट्याळ झाक. घोड्यावरची मांड पक्की होती आणि त्या काळच्या सिनेमात हा गुण चेहऱ्याइतकाच कामाचा होता. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या हाताखाली तो नट म्हणून आला आणि मदतनीस म्हणूनही राबला. १९१४ साली मेक्सिकोत लढाई चालू असताना एका फिल्म कंपनीने तिथला बंडखोर सेनानी पांचो व्हिया याच्याशीच थेट करार केला, आणि ती लढाई टिपायला जी माणसं गेली त्यांत वॉल्श होता. त्याच सिनेमात तरुणपणीचा व्हिया म्हणून त्याने कामही केलं. तो सिनेमा आता अखंड असा कुठेच उरलेला नाही. उरल्यात त्या वॉल्शने म्हातारपणी आत्मचरित्रात सांगितलेल्या हकिकती. त्या वाचताना, रंगात आलेल्या एखाद्या मामाजवळ बसल्यासारखं वाटतं. ऐकायला गोड, शब्दन् शब्द खरा धरू नये.

नट म्हणून त्याचं नाव लक्षात राहिलं ते ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मधल्या जॉन विल्क्स बूथमुळे. १९१५. लिंकनला गोळी घालून बूथ नाटकगृहाच्या सज्जातून रंगमंचावर उडी घेतो, हात उंचावतो, लंगडत पळतो. बूथ स्वतः नट होता, म्हणजे नटाने केलेला नट. ती उडी मी पुन्हा पुन्हा बघितलीय. आणि दरवेळी तो सिनेमा पुढे बघवत नाही. काळ्या माणसांची त्याने जी विटंबना केली, कु क्लक्स क्लॅनसारख्या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीला घोड्यावर बसवून जसं तारणहार करून टाकलं, ते बघून आजही पोटात ढवळतं. मोडीत निघालेली ती संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. मला आवडणाऱ्या माणसाची अभिनयातली ओळख अशा जागी आहे. ती वगळून त्याच्याबद्दल लिहिणं मला जमणार नाही, आणि तिच्याशी माझा समेटही झालेला नाही.

त्याच वर्षी त्याने 'रीजनरेशन' काढला, तो मात्र छातीशी धरावा असा. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या पोराची गोष्ट. वॉल्शने कॅमेरा खरोखरच त्या गल्ल्यांमध्ये नेला आणि तिथली खरी माणसं समोर उभी केली. तुटके दात, सुजलेली नाकं, कपाळावरच्या जुन्या खोका. रंगभूषेने असले चेहरे होत नाहीत. पुष्कळ वर्षं हा सिनेमा हरवला असंच सगळे धरून चालले होते, मग एक प्रत मिळाली. वय अठ्ठावीस, आणि माणसांकडे बघण्याची अशी भूक. इथून पुढे बरीच वर्षं तो कॅमेऱ्याच्या मागेच राहिला.

माझ्या घरात वॉल्श फार आधी येऊन गेला होता, हे मला उशिरा उमगलं. आजोबा (आईचे वडील) गिरगावात वाढले. शाळकरी वयात त्यांनी 'द थीफ ऑफ बगदाद' बघितला आणि नव्वदीपर्यंत त्याचं वर्णन केलं. मुका सिनेमा, समोर पेटीवाला, आणि उडणारी सतरंजी. "डग्लस वर, खाली अख्खं बगदाद, आणि आम्ही मान वर करून," असं सांगताना ते खरंच मान वर करत. डग्लस म्हणजे डग्लस फेअरबँक्स. त्यांचं एकट्याचंच असं नव्हतं. १९२७-२८ साली सरकारने नेमलेल्या सिनेमा चौकशी समितीनेही हिंदुस्थानात सगळ्यात लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून याचंच नाव दिलं. आपल्या मास्टर विठ्ठलना लोक 'हिंदुस्थानचा डग्लस' म्हणत, ते याच वेडापायी. पण त्या १९२४च्या सिनेमाचा दिग्दर्शक राऊल वॉल्श नावाचा माणूस आहे, हे आजोबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंही नसेल. समोर दिसतो त्याला आपण नावाने ओळखतो. जो आपल्याला दाखवतो, तो आपल्या पाठीमागे अंधारात कुठेतरी असतो.

मला वाटतं, पुढे येऊन उभं राहायची हुक्की वॉल्शला अधूनमधून येत असणार. १९२८ साली 'सेडी थॉम्प्सन'मध्ये ग्लोरिया स्वान्सनसमोर सार्जंट ओ'हाराचं काम त्याने स्वतः केलं. दिग्दर्शनही त्याचंच. पावसाने कोंडलेलं बेट, ओलीगच्च हवा, आणि हा दांडगा शिपाई त्या बदनाम बाईशी इतक्या साधेपणी, इतक्या आदराने वागतो की बघताना डोळे भरतात. चाळिशी ओलांडलेला, थोडा जाडावलेला, पण डोळे तसेच. त्या सिनेमाचं शेवटचं रीळ रसायनाने कुजून गेलं. आज आपण बघतो तो शेवट फोटो जोडून आणि इकडून तिकडून तुकडे आणून उभा केलेला आहे. पडद्यावरचा दोन डोळ्यांचा वॉल्श आपल्याला अखेरपर्यंत नीट दिसतच नाही.

कारण त्याच वर्षी ससा आडवा आला.

'इन ओल्ड अ‍ॅरिझोना' हा बोलपट. बोलपटाचा बाऊ असा की माइकच्या भीतीने सगळे स्टुडिओच्या बंद खोल्यांत शिरून बसलेले, आणि वॉल्श निघाला उघड्या माळावर आवाज पकडायला. सिस्को किड या रंगेल दरोडेखोराचं काम तो स्वतः करणार होता, दिग्दर्शनही करणार होता. युटाच्या वाळवंटातल्या रस्त्यावर गाडीसमोर मोठ्या कानांचा एक रानससा उसळला आणि पुढच्या काचेतून आत आला. काच फुटली, उजवा डोळा गेला. सिनेमा दुसऱ्याने पुरा केला. सिस्को किडचं काम वॉर्नर बॅक्स्टरकडे गेलं आणि त्याला त्यासाठी उत्तम नटाचं ऑस्कर मिळालं. वॉल्शने डोळ्यावर काळी पट्टी बांधली आणि नटाचा धंदा तिथेच थांबला.

इथे मला आमच्या आळीतले शिंपीकाका आठवतात. साताऱ्याची गोष्ट, मी शाळेत असतानाची. त्यांचा एक डोळा लहानपणी विटी लागून गेलेला. हात इतका सफाईदार की आईचं पोलकं त्यांच्याशिवाय कुणाकडे टाकायचं नाही असा घरचा नेम. पण सकाळी त्यांचं तोंड बघायचं नाही, हाही नेमच. कुणी गावाला निघालं, कुणाची बोलणी ठरवायला मंडळी निघाली, की आधी दारातून डोकावून रस्ता बघायचे. त्यांच्या एका डोळ्यावरून जो शब्द वापरला जायचा तो मी इथे लिहीत नाही. दहावीच्या पहिल्या पेपरला मी दप्तर घेऊन पायरीवर आले आणि समोरून शिंपीकाका येत होते. आईने मला दंडाला धरून आत घेतलं. तेवढ्यात त्यांनीच मला बघितलं होतं. ते थबकले, पाठ फिरवली आणि मागच्या बोळात शिरले. माझा पेपर चांगला जावा म्हणून. नंतर लक्षात आलं, परीक्षेच्या दिवसांत ते दुकान अकराच्या आत उघडतच नसत.

हॉलिवूडमध्ये ती पट्टी शान झाली. दिग्दर्शक जॉन फोर्डनेही पुढे बांधली. रुंद हॅट, काळी पट्टी, ओठांत सिगारेट, असे वॉल्शचे फोटो लोक हौसेने छापत आले. मी ते बघते आणि मला बोळात वळलेली ती पाठ दिसते. दोघांचा एकेक डोळा गेला. पुढे काय होणार हे जो तो कुठल्या गल्लीत राहतो त्यावर ठरलं. हे मनात आलं की वॉल्शच्या फोटोंचा मला थोडा रागही येतो, त्याची काहीच चूक नसताना.

शिंपीकाका सुईत दोरा कसा ओवत ते मी कितीदा टक लावून बघितलंय. दोन्ही डोळे शाबूत असलेली माझी आजी दोरा थुंकीने टोकदार करून पाच वेळा चुकायची. काका आधी डाव्या हाताच्या बोटाचं टोक सुईच्या नेढ्याला लावत आणि त्या बोटावरून दोरा सरकवत पुढे नेत. एका दमात आरपार. नजरेला अंतर कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते बोटाला शिकवलं होतं.

पट्टी काढायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना चहाची आणि सिनेमाची हकिकत सांगितली. त्यांनी टेबलावरचं पेन उचलून माझ्यासमोर धरलं. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये सहा-सात सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला चित्र किंचित वेगळं दिसतं, आणि त्या फरकावरून मेंदू खोली काढतो. कप, सुई, जिन्याची पायरी यांसाठी हा हिशेब लागतो. डोंगर इतका लांब की दोन्ही डोळ्यांना तो सारखाच दिसतो. तिथे मेंदू वेगळ्या खुणा वापरतो: पुढचं मागच्याला झाकतं, लांबचं लहान दिसतं, धूसर होतं, सावली पडते, काही हलतं. या सगळ्याला एक डोळा पुरतो. "आणि पडदा तर सपाटच ना काकू? दोन डोळे उलट चुगली करतात, की हे सपाट आहे म्हणून. एक झाकला की चुगली बंद."

घरी येताना रिक्षात हेच घोळत होतं. कॅमेऱ्यालाही भिंग एकच. म्हणजे अपघातानंतर वॉल्शला जग दिसू लागलं ते कॅमेऱ्याला दिसतं तसं. झाकणं, धूसर होणं, हलणं, याच खुणांवर त्याचा उरलेला दिवस चालायचा. आणि डोळा गेल्यावर दोन वर्षांच्या आत तो 'द बिग ट्रेल' काढायला बसतो, तोही नेहमीच्या दुप्पट रुंद, सत्तर मिलिमीटरच्या फिल्मवर. उंच कड्यावरून गाड्या आणि जनावरं दोरांनी खाली सोडतानाचा प्रसंग त्यात आहे. दोर ताणलेले, लाकूड करकरतंय, खाली नदीकाठी मुंगीएवढी माणसं वाट बघतायत. एकाच चौकटीत वर, मध्ये आणि खाली चाललेलं सगळं एका वेळी दिसतं. मागे कुठेतरी एखादं पोर कुत्र्यामागे धावतं, त्याच्याकडेही लक्ष जातं. सगळ्यांच्या पुढे तेवीस वर्षांचा एक कोवळा पोरगा, स्टुडिओत सामान उचलणारा. वॉल्शने त्याला नायक केलं आणि जॉन वेन हे पुढे खूप गाजलेलं नाव त्याला इथेच मिळालं. सिनेमा आपटला. नुकताच बोलपटाच्या यंत्रांवर खर्च करून बसलेल्या थिएटरवाल्यांकडे, त्यात मंदी आलेली असताना, रुंद पडद्यासाठी पैसा नव्हता. त्या रुंदीत तो फार थोड्या ठिकाणी दिसला. वेन पुढची नऊ वर्षं किरकोळ सिनेमांत घोडे दामटत राहिला.

हा सगळा हिशेब जुळवून मोकळं व्हायचा मोह होतो. डोळा गेला म्हणून खोली आली, असं म्हणावं की झालं. पण मला ते पटत नाही. बगदादचे आभाळाला टेकलेले बुरूज आणि त्यांच्या पायाशी वळवळणारी गर्दी त्याने दोन्ही डोळ्यांनीच बघितली होती. न्यूयॉर्कच्या त्या गल्ल्याही. आणि जे गेलं ते भरून आलं, असं आपण लोक दुसऱ्याच्या नुकसानाबद्दलच पटकन म्हणतो. ओ'हारासारखे अजून दहा शिपाई, दहा दरोडेखोर त्याच्या चेहऱ्यात असतील. ते कुणाला दिसले नाहीत.

आपल्याकडे शांतारामबापूंवर हाच प्रसंग आला होता. तेही नट म्हणून सुरू झालेले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'मधला तो तरुण शेतकरी. १९५७च्या 'दो आँखे बारह हाथ'मध्ये बैलाशी झुंज घेताना त्यांच्या डोळ्यांना मार लागला, डोळ्यांवर पट्ट्या आल्या, आणि त्या काळोखात त्यांना रंग दिसले. 'नवरंग'च्या सुरुवातीला पडद्यावर येऊन ते स्वतः हे सांगतात. त्यांची दृष्टी परत आली. लहानपणी ते निवेदन मला लांबण वाटायचं, कधी एकदा गाणी सुरू होतायत असं व्हायचं. परवा पट्टी बांधून पडले होते तेव्हा मिटल्या डोळ्यासमोर आधी तांबूस, मग हिरवट, मग नाव नसलेला एक रंग तरंगत राहिला, आणि बापूंचा तो आवाज आठवून मी किती वेळ गप्प पडून होते.

वॉल्शबद्दल त्याच्या नटांनी एक गोष्ट सांगून ठेवलीय. प्रसंग चालू असताना तो कित्येकदा तिकडे बघायचाच नाही. पाठ करून तंबाखूची सिगारेट वळत उभा राहायचा आणि ऐकायचा. आवाजावरून त्याला कळायचं, जमलं की नाही. 'व्हाइट हीट'मधला तुरुंगातल्या जेवणाचा प्रसंग मी या नजरेने पुन्हा बघितला. १९४९. लांबच लांब टेबलं, शेकडो कैदी, ताटल्यांचा खणखणाट. जेम्स कॅग्नी शेजाऱ्याच्या कानात विचारतो, माझी आई कशी आहे विचार. प्रश्न एका तोंडातून दुसऱ्या कानात असा टेबलाच्या टोकापर्यंत सरकत जातो आणि उत्तर तसंच माणसामाणसांतून परत येतं. गेली. मग कॅग्नीच्या घशातून जो आवाज निघतो तो माणसाचा वाटत नाही. टेबलाची ती लांबी, आईपर्यंतचं ते अंतर, मला डोळ्यांआधी कानांनी कळलं. १९५३ साली त्याने 'गन फ्युरी' काढला, चष्मा लावून बघायचा थ्रीडी सिनेमा. दोन डोळ्यांना दोन चित्रं दिल्याशिवाय त्यातली गंमत दिसत नाही. बनवणाऱ्याला ती कधीच दिसली नसणार. १९६४ साली त्याने शेवटचा सिनेमा केला आणि १९८०च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी, त्र्याण्णव वर्षांचा होऊन गेला.

पट्टी निघून आता आठवडा झाला. डोळा स्वच्छ आहे. नातीची नखं मी तिच्या झोपेत कापते, श्वास धरून, एकेक.

एक गोष्ट अजून गेलेली नाही. पट्टीच्या दुसऱ्या दिवशी चहा करताना मी गाळणी कपाच्या तोंडावर टेकवून ठेवली होती, डाव्या हाताचं बोट कपाच्या कडेला लावलं होतं, आणि मग पातेलं कलतं केलं होतं. थेंबही बाहेर पडला नाही. कुणी शिकवलं म्हणून केलं नाही, हाताने आपसूक केलं. आज सकाळी दोन्ही डोळे उघडे असताना बोट पुन्हा तिथे गेलं. कड गरम होती. मी ते तिथेच राहू दिलं आणि चहा ओतला.